सार्थवाहाच्या वहाणा

पूर्वी शूर्पारक नगरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापारी कुळात जन्मले. मोठे झाल्यावर ते सार्थवाह झाले. बैलगाड्यांचा तांडा घेऊन घाटावरच्या बाजाराला जाऊ लागले. त्यांचा मुख्य गाडीवान पिंगल. मनाचा चांगला, पण घाई अशी की जेवतानाही एक डोळा बैलांवर!

एकदा दुपारी घाटाखाली बैल सोडले असताना बोधिसत्त्वांना झुडपांत दगडी पायऱ्या दिसल्या.

"वर मागच्या युगातल्या काश्यप बुद्धांचं जुनं चैत्य आहे," पिंगल म्हणाला. "आता तिकडे कोणी फिरकत नाही. आपणही नको. दुसरा तांडा पुढे गेला तर भाव त्याला मिळेल."

बोधिसत्त्व चढू लागले. पिंगलही अनवाणीच कुरकुरत मागे निघाला.

वर लहानसं लेणं, झाडलेलं अंगण आणि आत तेवता दिवा. म्हातारा राखणदार सोणक पाहुणे बघून हरखून गेला. बोधिसत्त्वांनी काढलेल्या वहाणा त्याने वाटेकडे तोंड करून ठेवल्या.

"इथली रीत आहे, लेकरा. पाहुण्याला निघताना सोपं जावं. आणि त्याच्या वहाणा दारात आहेत तोवर राखणदारानं जागा सोडायची नाही."

वंदन करून, घटकाभर शांत बसून बोधिसत्त्व बाहेर आले, तर दारात एकच वहाण!

"कोल्ह्यानं नेली!" पिंगल ओरडला. सोणकही शोधू लागला. काय तो शोध! साऱ्या अंगणात वाकून पाहिलं, फक्त फुलांच्या टोपलीखाली पाहिलं नाही. आणि वहाणेचा अंगठा तिथूनच डोकावत होता.

"अहो बाबा, या वयात चोरी?" पिंगल म्हणाला.

म्हातारा बोधिसत्त्वांकडे बघत टोपलीशेजारीच बसला. "चुकलो रे. उद्या मुलगा मला गावात न्यायला येतोय. म्हणतो, कोणी येत नाही, मग दिवा कुणासाठी लावता? तू शेवटचा पाहुणा. तू निघालास की सगळं संपलं. म्हटलं, अजून जरा थांबशील."

बोधिसत्त्वांना त्याच्याबद्दल फार माया वाटली. त्यांनी टोपलीखालची वहाण काढून दुसरीशेजारी ठेवली, वाटेकडे तोंड करून. आणि तसेच अनवाणी पायऱ्या उतरू लागले.

"अरे, वहाणा!"

"राहू द्या, बाबा. परतताना घालीन. तोवर सांभाळाल ना?"

सोणकने वहाणांकडे पाहिलं, मग दिव्याकडे. "सांभाळीन म्हणजे काय! रीतच आहे ती," म्हणत तो तेल आणायला उठला.

तापलेल्या खडकांवरून बोधिसत्त्वांच्या पायांना फोड आले. दुसरा तांडा आधी पोचला होता. मालाला भाव कमी आला. पिंगल दोन दिवस फुगून बसला. पण बाजारात जो तो विचारी, "सार्थवाह, अनवाणी का?" आणि बोधिसत्त्व त्याला त्या चैत्याची वाट सांगत.

महिन्याने ते परतले तेव्हा पायऱ्यांवरची झुडपं तुडवली गेली होती. अंगणात कितीतरी वहाणा होत्या, सगळ्या वाटेकडे तोंड करून. सोणकने त्यांची जोडी पुसून पुढे केली. बोधिसत्त्वांनी ती पायांत घातली. तोच पिंगल पुढे झाला, काखेतून बाजारातून आणलेली कोरी जोडी काढली आणि दारात ठेवली.

"बाबा, या माझ्या," तो म्हणाला. "पुढल्या खेपेला नेईन."

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, हसले. "भिक्षूंनो, प्रत्येक पाहुण्याला 'अजून जरा बसा' म्हणणारे आपले सुभूमी स्थविर, तेच तेव्हाचे सोणक. भिक्षेला सर्वांच्या आधी निघणारा हा पिलोतक, तोच पिंगल. सार्थवाह मी होतो. आणि अनवाणी चालताना जिने मला तोलून धरलं, ती सर्व जीवांविषयीची मैत्री."