येसूकाकीच्या पुढचा हात

आडबंदर हे गाव नकाशात शोधून सापडायचे नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला काळ्या खडकांचे खडप आणि मधे पाऊण कोसाची पांढरी पुळण. या पुळणीच्या टोकाला उंडीचे एक जुने झाड होते आणि त्या झाडाखाली श्री निवांतबुवा महाराज अकरा वर्षे बसून होते. महाराज घाटावरून आले होते, एवढेच लोकांना ठाऊक. कोणी पाया पडले तर आशीर्वाद देत, नाही पडले तर समुद्राकडे पाहत. भक्तहो, ज्या संताच्या पायाशी गर्दी नसते त्याच्याकडे जायला फार मोठे भाग्य लागते. त्या गावात ते भाग्य एकाच बाईचे होते. तिचे नाव येसू.

येसूकाकीचे वय सत्तरीचे. नवरा फार पूर्वी गेला. एकुलता एक मुलगा लवू सहा वर्षांपूर्वी समुद्रात गेला, तो आलाच नाही. प्रेत मिळाले असते तर बाईने एकदा पोटभर रडून घेतले असते. पण समुद्राने तेही दिले नाही. घरात चूल एकटीची, ताट एकाचे, आणि बोलायला मांजरसुद्धा नाही. रोज सकाळी ती महाराजांना वाडगाभर पेज आणून देई आणि दोन शब्द बोले. तिचा दिवसातला पहिला शब्द तोच.

दुसरे शब्द तिला मिळत ते रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. हिवाळ्यात पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पडला की होडी जाळे घेऊन निघते, समुद्रात मोठा फेर धरून जाळे टाकत परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर पुळणीवरून गाव ओढते. या कामाचा एक मोठा सुंदर रिवाज आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याचा मासळीत वाटा! मग तो धट्टाकट्टा गडी असो, विधवा असो की वाटसरू. जाळे जवळ आले की तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य, दोरावरून चालत प्रत्येकाच्या मनगटाला हात लावून मोजतो. जितके हात तितके वाटे वाळूत मांडले जातात.

आडबंदरचा तांडेल धाकू. अंगाने रेड्यासारखा, आवाजाने त्याहून मोठा. त्याची मोजणी कधी चुकली नव्हती, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

येसूकाकी दोर ओढताना आपल्या पुढे हातभर जागा मोकळी सोडी. लवू तिच्या पुढे उभा राहून ओढत असे, ती ही जागा. धाकूला ती जागा डोळ्यांसमोर नको झाली होती. लवू आपल्याच हौसेने अडकलेले जाळे सोडवायला बुडी मारून गेला, असे धाकू सगळ्यांना सांगे. गावही तेच म्हणे.

पौषातल्या एका सकाळी धाकूने सगळ्यांदेखत तोंड सोडले. "काकी, तू दोर ओढतंस की दोराक लोंबतंस? आणि ही मोकळी जागा कोणासाठी ठेवलंस? भुताक वाटो कोण देतलो?"

लोक हसले. हसणाऱ्यांत तिच्या शेजारणीही होत्या, हे सांगायला वाईट वाटते.

"वाटो नको माका, धाकू," येसू म्हणाली. "माझोय दिवू नको. जागा तेवढी ऱ्हवांदे."

"उद्यापासून दोराक हात लावू नको. तुझ्या त्या उंडीखालच्या बुवाक सांग, तुका माशे देवक!"

दुसऱ्या दिवशी येसू पेज घेऊन आली ती तिथेच बसून राहिली. महाराजांनी तिच्या हातांकडे पाहिले. म्हणाले, "येसू, आज हात कोरडे कसे?"

"माका दोरावरसून काढल्यानी, म्हाराज."

"माशांवाचून अडेल का तुझे?"

"माशांचा काय घेवन बसलास!" आणि मग त्या बाईने, जी कधी कोणापाशी कुरकुरली नव्हती, पदर तोंडाला लावला. "घरात माका कोण हाक मारूचा नाय. दोरावर कोण तरी म्हणता, ओढ गो येसू. तेवढ्यासाठी मी जातंय. आता माका ह्या जगात कोण ओढ म्हणतलो?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बस इथेच. बोलावणे येईल."

"कोणाचा?"

"ज्याने घालवले त्याचे."

दोन दिवस कोणी आले नाही. येसू झाडाखाली बसून लांबून माणसे पाहत राही. ओढणाऱ्यांची आरोळी वाऱ्यावर तिच्यापर्यंत येई आणि तिची बोटे आपोआप मिटत. देव आपल्या माणसांची परीक्षा घेतो म्हणतात. ती अशी लांब बसवून घेतो, हे किती क्रूर वाटते!

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर पाखरांचा थवा उतरला. बांगड्यांची मोठी झुंड आली होती. महिनाभर चुली अर्धवट पेटत होत्या, त्यामुळे गाव धावत पुळणीवर आले. जाळे पडले, दोर ताणले गेले, आणि अर्ध्या वाटेवर उत्तरेचा दोर थांबला. जाळे दातखडपात अडकले होते. हा पाण्याखालचा खडक गावाला चांगला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी लवू याच खडकापाशी बुडाला होता.

भरतीची ओढ वाढू लागली. माणसे पालथी पडेपर्यंत ओढत होती. दोर तळहातांची साले काढत हातातून निसटू लागला. जाळे फाटले असते तर गावाचा पुरा हिवाळा बुडाला असता. कोणीतरी विचारले, "तांडेला, पाण्यात कोण जातलो?" धाकूने तोंड उघडले, पण त्याच्या तोंडून कोणाचेच नाव निघेना.

तो वाळूतून धावत उंडीखाली आला. "बुवा, काय तरी करा! पुरो गाव दोरावर आसा, तरी जाळा हलना नाय."

महाराज शांतपणे म्हणाले, "पुरा गाव?"

धाकूने मान खाली घातली.

"तांडेल, तुम्ही मोजणीत पक्के ना? मग मोजून सांगा, कोण राहिले?"

गर्वाची मान वाकवायला कधी कधी देवाला समुद्र अडवावा लागतो. पाठीमागे गाव ओरडत होते. शेवटी तो म्हणाला, "येसूकाकी, दोराक चल."

येसू उठली. पाय वाळूत रुतत होते, तरी चालली. उत्तरेच्या दोरापाशी गेली आणि नेहमीसारखी पुढे हातभर जागा सोडून तिने दोर धरला. आज कोणी हसले नाही. मागचा गडी हळूच म्हणाला, "ओढ गो येसू."

तिने ओढले. आणि काय सांगावे, दोर हलला! आधी वीतभर, मग हातभर, मग अंगातला काटा निघावा तसे जाळे खडपातून सुटले. सगळ्या पुळणीवर आरोळी उठली. धाकूला दम घ्यायला वेळ नव्हता. जाळे जवळ येताच तो रिवाजाप्रमाणे दोरांवरून धावत मनगटे मोजत गेला. दोन्ही दोर मिळून बासष्ट हात.

मासळी एवढी निघाली की ऊन डोक्यावर आले तरी वाटे मांडणे चालूच होते. बासष्ट वाटे मांडले. ज्याने त्याने आपला वाटा उचलला. वाळूत एक वाटा राहिला.

"कोणी वाटो उचलूक नाय?" धाकूने विचारले. कोणी पुढे येईना. त्याने सगळ्यांना रांगेत उभे करून मोजले. एकसष्ट. पुन्हा मोजले. एकसष्टच.

"तांडेल चुकलो!" गडी हसू लागले. धाकूचा चेहरा लाल झाला. "धाकू चुकना नाय! एकेका हाताक मी हात लावलंय!"

तेव्हा महाराज झाडाखालून उठून तिथे आले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच रापणीपाशी आले होते. म्हणाले, "तांडेल, आठवून पाहा. येसूच्या पुढे कोणाचा हात मोजलात?"

"येसूकाकीच्या फुडचो..." धाकू बोलता बोलता थांबला. "होतो. हात होतो थंय. थंडगार लागलो. माका वाटला, कोण तरी पाण्यातसून आताच वर इलो. घाईत मी तोंड बघूक नाय."

येसू पुढे आली. तिने अगदी हळू विचारले, "धाकू, खंयचो हात फुडे होतो?"

"डावो."

"माझो लवू डावखुरो," येसू म्हणाली.

धाकू महाराजांच्या पायांवर कोसळला. "म्हाराज, मी खोटा बोललंय! लवू हौसेन जावक नाय. तो नको म्हणत होतो. पाणी थंड आसा, ओढ आसा म्हणत होतो. मीच त्याका धाडलंय! सहा वर्षा ती मोकळी जागा माझ्याकडे बघता, म्हणान मी काकीक दोरावरसून काढलंय."

महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "इथे नाही, धाकू. अपराध जिथे केलास तिथे डोके ठेव."

आणि तो रेड्यासारखा माणूस, गावाला ज्याचा धाक वाटे तो तांडेल, गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने म्हातारीच्या पायांवर कपाळ टेकले. येसूची नजर वाळूतल्या उरलेल्या वाट्यावर होती. क्षमा ही काही लाह्याबत्ताशांसारखी वाटायची वस्तू नव्हे. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझो हात लागलो रे त्याका. माझो नाय लागलो."

उरलेला वाटा तिने पदरात घेतला आणि घोटाभर पाण्यात जाऊन समुद्रात सोडला.

आम्हांला कोणी विचारतात, महाराज एवढे समर्थ होते तर त्यांनी मुलगाच परत का आणून दिला नाही? भक्तहो, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. येसूकाकी त्यानंतर आठ हिवाळे जगली आणि एकटीच जगली. संध्याकाळी तिच्या घरात पूर्वीइतकेच सामसूम असे. पण हिवाळ्यात रोज सकाळी, होडी पाण्यात ढकलण्याआधी, धाकू तांडेल तिच्या दारात येई. उंबऱ्यावर डोके टेकवी आणि आत हाक घाली, "काकी, चल. दोराक चल."