गावेलचे दार

मंडळी, इथे जरा थांबा. पोलंडमधले राजवाडे आणि चर्च वर पाहून झाली. हे दार पाहायला मात्र मिठाच्या खाणीत, जमिनीच्या पोटातच उतरावे लागते. ओकच्या फळ्या मिठाने पांढऱ्या पडल्या आहेत. हात लावून बघा.

फार जुनी गोष्ट. गावेल नावाचा एक कामगार इथे मीठ फोडायचा, असे सांगतात. त्याची बायको दोब्रोखना इथेच, दाराच्या अलीकडे, रहाटाचे घोडे हाकायची; त्या रहाटाने मिठाचे ठोकळे वर जायचे. एके दुपारी खालच्या भुयारात पाणी फुटले. दिवे विझले. माणसे अंधारात चाचपडत या दाराकडे निघाली.

"दार लावा!" मुकादम ओरडला. "पाणी इथून पुढे गेलं तर वरच्या भुयारांतलंही कुणी वाचणार नाही."

दोब्रोखना उंबरठ्यावर आडवी उभी राहिली. "नावं येताहेत तोवर दार उघडं राहील."

अंधारातून जो येई तो आपले नाव ओरडे, आणि ती हात देऊन त्याला अलीकडे ओढी. नावामागून नाव आले. गावेलचे येईना. शेवटी लंगडा म्हातारा इग्नात्सी आला. "गावेलनं मला पुढं ढकललं," तो धापा टाकत म्हणाला. "मागंच आहे तो."

तिने हाक मारली. पुन्हा मारली. पाणी कमरेला लागले. मागे अरुंद शिडीवर वाचलेल्यांची दाटी झाली होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि, म्हणे, दाराला पहिला खांदा तिनेच लावला.

पण पाण्याचा जोर असा, की सगळे रेटत असूनही हातभर फट मिटेना. आणि एकाएकी दार आपटून बंद झाले. पलीकडून कोणीतरी ते ओढून घेतले होते.

"गावेल!" पलीकडून आवाज आला. त्यानेही आपले नावच सांगितले.

दोब्रोखना दार ढकलायची थांबली.

"उघडू नकोस गं," तो म्हणाला. "अडसर घाल."

तिने घातला. मग फळ्यांना गाल लावून ती त्याच्याशी बोलत राहिली. पलीकडची उत्तरे थांबली, तरी तिला तिथून हलवायचे धाडस कोणाला झाले नाही.

पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा सगळ्यांत आधी दोब्रोखना आत गेली आणि जाताना तिने नवऱ्याचे नाव मोठ्याने घेतले.

आजही या दारातून जाणारा प्रत्येक जण आपले नाव सांगतो. सर्वांत शेवटचा माणूस स्वतःचे नाव सांगून क्षणभर थांबतो, आणि मग म्हणतो, "गावेल."

चला. आपल्यात शेवटी कोण आहे?