वेशीवरचा दिवा आणि न वाकलेली बहीण

एका राज्यात वेशीपाशी उंच खांब होता आणि खांबावर तेलावाचून जळणारा दिवा. मायाधर नावाच्या जादूगारानं तो टांगलेला. दिवेलागणीला राजापासून रंकापर्यंत सगळ्यांनी त्याच्यापुढं वाकायचं, अशी रीत पडली होती. जो वाकला नाही, तो किडा झाला. उन्हाळ्यात त्या दिव्याभोवती पाखरं, चिलटं, भुंगे यांचे लोटच्या लोट घोंघावत. ती सगळी माणसंच होती बरं! एकेक जण ज्योतीत पडून जळे आणि खाली लोक हात जोडून उभे असत. लाज म्हणून नव्हती कुणाला.

मृगावतीचा धाकटा भाऊ उदयसेन असाच पाखरू झाला. ती रडत बसली नाही. तडक मायाधरापुढं गेली आणि भाऊ परत मागितला. तो गालातल्या गालात हसला. तीन कामं कर आणि भाऊ घेऊन जा, म्हणाला. एक जरी चुकलं, तरी त्याची राख होईल.

पहिलं काम, हजारोंतून भाऊ ओळखायचा. मृगावती खांबाखाली उभी राहिली. वर बघून बघून डोळे दिपले. खांबाच्या खाचेत एक म्हातारी, आठ पायांची कोळीण जाळं विणत होती. राजाचे नोकर ते रोज झाडून टाकत, ती रोज पुन्हा विणी. आजही एक जण केरसुणी घेऊन आला. तिनं तुमचं काय घोडं मारलंय, असं विचारत मृगावतीनं केरसुणी हिसकावून घेतली.

कोळीण म्हणाली, "पोरी, उजेडात काय शोधतेस? खांबाच्या मागच्या अंगाला बघ."

तिथं एक राखी पाखरू दिव्याकडं पाठ करून बसलं होतं. पंख थरथरत होते, पण वळायचं नाव नाही. मृगावतीनं त्याच्याकडं बोट दाखवलं. दुसरा कोण असणार!

दुसरं काम, हात न लावता दिवा खाली उतरवायचा. दोर लावावा तर जळून जाई. कोळिणीनं आपलं सूत सोडलं. ते मायेच्या आगीला जुमानत नव्हतं. दिवा डुलत डुलत मृगावतीच्या तोंडापुढं येऊन थांबला.

"आता वाक," मायाधर म्हणाला. हे तिसरं काम.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाई, एकदा मान लवव, तुझं काय जातंय, असं खुद्द राजा समजावू लागला.

मृगावतीनं घोंघावणाऱ्या किड्यांकडं पाहिलं. "मी वाकले तर माझा भाऊ सुटेल. यांचं काय?"

"ते जळतील," मायाधर म्हणाला.

"मग नाही वाकत."

तोंडानं फुंकून दिवा विझवणं म्हणजे महापाप, हे त्या राज्यात लेकरंही जाणत. म्हणून तर ते कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मृगावतीनं गाल फुगवले आणि फुंकर घातली. दिवा गेला. मायाधराचा जीव त्या ज्योतीत होता, तोही गेला.

अंधारात किड्यांची पुन्हा माणसं झाली, खोकू लागली, एकमेकांना हाका मारू लागली. कुणीतरी तिचा हात घट्ट धरला.

"ताई, माझ्यासाठी वाकलीस का गं?"

"नाही रे."

"मग बरं," उदयसेन म्हणाला आणि ढसाढसा रडला.

राजानं जोडलेले हात तेव्हा कुठं सोडले. घरोघरी लोकांनी आपापल्या तेलाचे दिवे लावले आणि वाकण्याची रीत मोडली. त्या बहीणभावाची मान जशी ताठ राहिली, तशी तुमचीआमची राहो.