सैल झालेली गाठ

फार वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या गरम, ओल्या रानात एका चिमुकल्या गुंजन पक्षिणीनं जंगली केळीच्या पानाखाली घरटं टांगलं होतं. टांगायला धागा तिनं शेजारच्या कोळ्याच्या जाळ्यातून, न विचारताच आणला होता.

ती स्वतः फुलांतल्या मधावर खूश असे, पण पिलांना किडे लागत. एका सकाळी घरट्यापाशीच तो कोळी दिसला. तिनं लांब चोच रोखली.

कोळी म्हणाला, "खा बाई, पण आधी एवढी गाठ मारू दे. पावसानं सैल झालीय. माझ्या धाग्याचं घर पडलं, असं कोणी म्हणायला नको."

पक्षिणीनं चोच वळवली आणि ती चिलटं शोधायला ओढ्याकडे गेली.

त्या दिवशी पिलांना जेवायला उशीर झाला. दुपारी जोराचा वारा सुटला, तरी त्यांची झोप मोडली नाही.