सगळ्यात मुका टायर

"यातला सगळ्यात मुका टायर कुठला?"

विचारणारा गाडीतून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय आत, एक पाय खाली, आणि आत गाणी चालू. चांगली मोठ्यानं.

इलाही उस्तादनं मान वर केली नाही. तो एका ट्यूबला ठिगळ लावत होता.

"उस्ताद, तुम्हालाच विचारतोय."

"आधी गाणी बंद करा, साहेब. मला एकच कान आहे."

मी शेवंता. कराडच्या अलीकडं हायवेला उस्तादचं टायरचं दुकान आहे, आणि त्याला लागून माझी चहाची टपरी. बावीस वर्षं त्याच्या कंप्रेसरची धडधड ऐकतेय, त्यामुळं मी बोलते तेही जरा मोठ्यानंच. लोक म्हणतात, बाई भांडते. म्हणू देत.

उस्तादबद्दल एवढंच सांगते. या रस्त्यावरचे निम्मे टायरवाले त्याच्या हाताखाली शिकून गेलेत, आणि अडलं की अजून त्यालाच विचारायला येतात. कंप्रेसरशेजारी चाळीस वर्षं काढली, त्यात डावा कान पार गेला. उजवाही धड नाही. नवा टायर द्यायच्या आधी हा माणूस डोळे मिटून जुन्यावर हात फिरवतो, आणि मग तुम्ही गाडी कशी हाकता ते तोंडावर सांगतो. बहुतेकांना ते आवडत नाही.

आलेल्या माणसानं गाणी बंद केली. नाव अभिनंदन मगदूम, शिरोळकडचा, साखर कारखान्यात मोठा इंजिनिअर. हे सगळं त्यानंच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. गाडी पांढरी, उंच, सात जणांची.

मग त्यानं मागचं दार उघडलं आणि आईला हाताला धरून उतरवलं. सत्तरीची बाई. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला. भुवया नव्हत्या.

मला कळलं. मी बाकावर फडकं मारलं.

"पुण्याहून हिला इंजेक्शन देऊन येतोय," तो म्हणाला. "दर एकवीस दिवसांनी जावं लागतं. आई, तू इथं बस. तासाभराचं काम आहे."

"बसते की," आई म्हणाल्या. पद्मावतीअक्का त्यांचं नाव.

मी चहा दिला. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

तो उस्तादकडं वळला. मोबाईल काढला.

"हे बघा, मी सहा कंपन्या बघितल्यात. आवाज किती, पाण्यात ब्रेक कसा लागतो, किती किलोमीटर चालतो, पैसा वसूल कुठला... सगळी यादी केलीय. ही घरची गाडी आहे, मला काही शर्यत लावायची नाही. टायर शांत पाहिजे आणि वाजवी पाहिजे. आत्ता ऐंशीला गेलो की आत बहात्तर डेसिबल भरतात."

"कशानं मोजले?"

"मोबाईलनं."

"मोबाईल कुठं होता?"

"कुठं म्हणजे? पुढं. स्टिअरिंगपाशी."

"हं..."

उस्ताद गाडीच्या मागच्या चाकापाशी बसला. डोळे मिटले. तळहात टायरवर इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवला.

"जाड नक्षीचे घेतलेत. रानात जाता?"

"नाही... दिसायला बरे वाटले."

"मागचे पुढं, पुढचे मागं कधी केले?"

"वेळ कुठं असतो, उस्ताद?"

"म्हणून करवतीसारखे दात आलेत. तेच ओरडतात."

"म्हणूनच बदलतोय ना! या आवाजात आईला झोप लागत नाही. चार तास जायला, चार तास यायला. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

खोटं नव्हतं ते. आईवर जीव होता त्याचा, ते त्याच्या उतरवण्यातच दिसलं होतं. उगाच वाईट कशाला बोलू?

"झोप लागत नाही असं त्या म्हणाल्या?"

"ती कशाला म्हणेल? फार सोशिक आहे. डॉक्टर दर वेळी विचारतात, दुखतं का? मीच सांगून टाकतो, काही दुखत नाही तिला. सहा महिने झाले, एकदा हूं की चूं नाही." हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

उस्तादनं डोळे उघडले.

"या गाडीत तुम्ही कधी मागं बसलाय, साहेब?"

"मी? मीच तर चालवतो."

"हं..."

तेवढ्यात बाकावरून अक्कांचा आवाज आला. "मिस्त्री, हे टायर अजून वर्षभर चालतील ना हो?"

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही रे, आपलं म्हटलं... आवाज असला की बरं असतं. सोबत होते."

"ऐका! आवाजाची सोबत!" तो हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

उस्ताद हसला नाही. तो अक्कांकडं बघत राहिला. अक्कांनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघू लागल्या. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. दुपार होती, पण कुठं तरी पाला पेटवलेला असावा, सगळं मळकट दिसत होतं.

उस्ताद आत गेला आणि एक टायर घरंगळत घेऊन आला.

"हा. बारीक नक्षी, मऊ रबर. ओल्या रस्त्यालाही धरतो. फार महागातला नाही."

इंजिनिअरनं यादी बघितली. "हा माझ्याकडं तिसऱ्या नंबरला आहे."

"मग यादी चांगली आहे."

"पहिला का नको?"

"तो याच्यापेक्षा अर्ध्या डेसिबलनं कमी बोलतो, आणि दीडपट पैसे घेतो. त्या अर्ध्याचं काय करणार, साहेब?"

इंजिनिअरला पटलं. पटलेलं त्याला आवडलं नाही, पण पटलं.

उस्तादनं जॅक लावला. नट खोलायच्या मशीनला हवा लागते, म्हणून कंप्रेसर चालू केला. तो जुना आहे, चालू झाला की माझ्या टपरीतले कप थरथरतात.

इंजिनिअर दचकला, मग त्याला गंमत वाटली. त्यानं मोबाईल पुढं धरला. "शहाण्णव!" असं ओरडून त्यानं आकडा उस्तादला दाखवला.

मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

म्हटलं, णमोकार म्हणत असतील. शिरोळकडची जैन माणसं, त्यात असं आजारपण. देवाचं नाव घ्यावंसं वाटणारच.

कंप्रेसर थांबला. अक्कांचे ओठ मिटले. ताठ बसल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चहा छान झालाय हो."

कपावर साय धरली होती. घोटभरही प्यायल्या नव्हत्या.

पहिलं चाक निघालं. दुसऱ्याला पुन्हा कंप्रेसर लागला. पुन्हा ती कड, पुन्हा ते ओठ. बंद झाला की पुन्हा ताठ.

तेव्हा मी बघितलं, उस्तादचं चाकाकडं लक्षच नव्हतं.

तिसऱ्यांदा त्यानं कंप्रेसर चालू केला तेव्हा हवेची टाकी भरलेली होती. मला काटा दिसतो माझ्या जागेवरून. एक बल्ब उगाच जळला तरी आई-माई काढणारा हा माणूस, भरल्या टाकीला कंप्रेसर लावतोय! हातात मशीनही नव्हतं. एक हात खटक्यावर ठेवून तो नुसता उभा होता, अक्कांकडं बघत.

इंजिनिअर पुन्हा आवाज मोजत होता.

अक्कांनी डोळे मिटले होते.

उस्तादनं खटका पाडला.

कंप्रेसर बंद झाला. एक आवाज मात्र बंद झाला नाही.

"आई गं... आई गं... आई..."

णमोकार नव्हता तो.

सत्तर वर्षांची बाई, पोटातून कण्हत होती. अगदी हळू. कंप्रेसर थांबलाय हे त्यांना कळेपर्यंत तीनदा झालं ते. मग तोंड मिटलं.

इंजिनिअरचा हात तसाच पुढं होता. मोबाईल अजून मोजत होता. त्या कण्हण्यासरशी आकडा वर गेला होता आणि आता खाली येत होता.



"काही नाही रे," अक्का म्हणाल्या. "पाय अवघडला जरा."

इंजिनिअरनं मोबाईल खाली घेतला.

"आई... हे कधीपासून?"

अक्का पदराचं टोक चिमटीत धरून बसल्या.

"गाडीतसुद्धा?"

"गाडीतच." त्या थांबल्या. मग एकदम बोलल्या. "घरात सून असते, नात असते. तिथं कुठं कण्हू? दवाखान्यात तू शेजारी. गाडीत बरं असतं. टायर ओरडतात, वर तुझी गाणी. मी मागं एकटी. कुणाला काही कळत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी चालवत असतोस, बाळा. हात थरथरले असते तुझे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाण्याच्या मागोमाग राग आला. उस्तादचा. असा संताप आला की काय सांगू! एका बाईनं सहा महिने जिवापाड झाकून ठेवलं, आणि या माणसानं एका खटक्यात चव्हाट्यावर आणलं. तेही तिच्या पोटच्या पोरासमोर.

"उस्ताद, लाज नाही वाटली तुम्हाला?" मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "कान नाही म्हणता, आणि दुसऱ्याचं कण्हणं बरं ऐकू येतं!"

"ऐकू नाही आलं, वहिनी. म्हणून बघत होतो."

अक्कांनीही त्याच्याकडं बघितलं. घरात शिरलेल्या चोराकडं बघावं, तसं. उस्तादनं ती नजर झेलली. मान खाली घातली नाही.

इंजिनिअर काढून ठेवलेल्या जुन्या टायरवर बसला. इस्त्रीची पँट होती, पण त्याचं भान नव्हतं.

"मी डॉक्टरांना सांगत होतो... काही दुखत नाही तिला." पुन्हा म्हणाला, "गेल्या खेपेलाही विचारलं त्यांनी. आजही विचारलं. दुखत असेल तर औषध वाढवू म्हणाले. मीच सांगितलं... हिला काही दुखत नाही."

"मी तिथंच होते की," अक्का म्हणाल्या. "मीही गप्प बसले. तुझा काय दोष?"



मी गॅस बंद केला. चहा कुणी मागणार नव्हतंच.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, सायलेन्सर फुटलेला, सगळा परिसर दणाणून सोडत आमच्या समोरून गेला. आणि आम्ही तिघंही, मी, उस्ताद आणि तो, अक्कांच्या तोंडाकडं बघत राहिलो. नको होतं बघायला. पण बघितलं.

अक्कांनी ओठ घट्ट आवळून धरले होते. पांढरे पडेपर्यंत. ट्रॅक्टर पार वळणापलीकडं गेला तरी उघडले नाहीत.

आता त्यांना कसलाच आडोसा उरला नव्हता. ते त्यांच्या लेकालाही कळलं असावं. तो उठला. मघाचा आवाज नव्हता त्याचा.

"उस्ताद..."

"बोला."

"राहू देत. जुनेच परत घाला."

"का?"

"तेवढीच जागा आहे तिला... कण्हायला. ती कशाला काढून घेऊ?"



मला वाटलं, शहाणा झाला पोरगा. आईची लाज राखतोय. मी अक्कांकडं बघितलं. त्या मान हलवत होत्या, हो, हो, जुनेच बरे. इतकं सुटल्यासारखं दिसलं त्यांच्या तोंडावर, की मला बघवेना.

मग मी लेकाकडं बघितलं. त्याच्याही तोंडावर तेच होतं. सुटल्यासारखं. आता त्याला ऐकावं लागणार नव्हतं.

उस्तादनंही बघितलं असणार. दोघांकडंही.

तो वाकला. नवा टायर चढवलेलं चाक त्यानं उचललं, धाप लागली तरी कुणाला हात लावू दिला नाही, आणि गाडीच्या मागच्या बाजूला बसवलं. अक्का ज्या बाजूला बसतात, त्या बाजूला. कंप्रेसर लावला नाही. पाना घेऊन एकेक नट हातानं आवळला.

चारही चाकं झाली. लेकानं आईला उचलल्यासारखंच करून मागं बसवलं, दार लावलं, आणि पुढं येऊन बसला. किल्ली फिरवली. गाणी आपोआप सुरू झाली.

उस्ताद खिडकीपाशी गेला. ओल्या फडक्याला हात पुसत उभा राहिला.

"टायर मुके आहेत, साहेब," तो म्हणाला. "गाणी तेवढी लावू नका."