वस्तादांच्या तळव्यांची परीक्षा

सन दोन हजार सतराचा मार्गशीर्ष. थंडी अशी की आखाड्याची माती सकाळी हाताला झोंबे. तेव्हा एकदा एक वृद्ध वस्ताद तालमीची किल्ली घेऊन दारात बसले. मधुमेहाने त्यांचे तळवे वर्षभर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत होते. त्यांनी ठरवून टाकले होते: ज्याच्या पायाला माती कळत नाही, त्याने मातीत शिकवू नये. संक्रांतीला तालमीला कुलूप.

जोतिराम हा त्यांचा जुना पठ्ठा. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचा घोटा मोडला, तेव्हा वस्तादांनी तीन महिने तेल चोळून, हात धरून त्याला पुन्हा मातीत उभे केले होते. ते ऋण तो विसरला नव्हता. त्याने वस्तादांना शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिथे विद्युतचुंबकीय लहरींचे यंत्र होते. रोज अर्धा तास पाय त्यात ठेवायचे. ना चटका, ना झटका. बाईंनी स्पष्ट सांगितले, कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.

विसाव्या दिवशी वस्ताद म्हणाले, आग थांबली. जोतिराम हर्षाने हलगीवाल्याला बोलवायला निघाला. येताना पेढे आणतो म्हणाला.

"मला पेढे भरव, साखर वाढव, आणि पुन्हा यंत्रात घाल," वस्ताद म्हणाले. मग फेटा सोडून त्यांनी स्वतःचेच डोळे बांधले आणि पाय पुढे केले. "कापसाची वात घे. तळव्याला लाव. कुठं ते सांगू नको."

जोतिराम चक्रावला. बरे झालेल्या माणसाची कसली परीक्षा?

"समोरचा गुडघ्यावर आला म्हणून कधी हलगी वाजवलीस का? पाठ मातीला लागली का ते बघतो आपण. आग दोन वाटांनी जाते. पाय बरा झाला की जाते, पाय बधिर होऊन मेला तरी जाते. मेलेल्या पायाचा आनंद मला नको."

जोतिरामने कापसाची वात वळली. त्याने वात टेकवली.

"डावा अंगठा."

पुन्हा टेकवली.

"उजवी टाच."

तिसऱ्या वेळी त्याने वात नुसती हवेत धरली. वस्ताद स्पर्शाची वाट बघत राहिले.

"लावलीच नाहीस, लबाडा."

त्याच संध्याकाळी बाईंनीही पाय तपासले आणि घटकाभर मातीत अनवाणी उभे राहण्याची मुभा दिली. जोतिराम धावत आखाड्यात गेला. सगळी माती स्वतः चाळली, एकेक खडा वेचून बाहेर टाकला. मग त्याने वस्तादांचा हात धरला आणि त्यांना मातीत उभे केले. वस्तादांच्या पायाला माती कळली, आणि संक्रांतीचे कुलूप टळले.