धुतलेले पाय

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. पण मोठी माणसं तेव्हाही लहानांना सांगत असत, "हे विचारायचं नसतं."

गाव समुद्राकाठी होतं. नारळाच्या बागांमध्ये ख्रिस्ती मंडळींची पन्नासेक घरं आणि मधोमध एक दगडी प्रार्थनामंदिर. मंदिरात एक पाळक होते, पण शब्द चालायचा तो चार वडिलांचा. मंडळीने निवडलेल्या वयस्क माणसांना तिथे वडील म्हणत. त्यांनी एकदा मान हलवली की विषय संपला.

दरवर्षी पावसाळा सरला आणि समुद्र निवला, की गावातले बारा तरुण-तरुणी होडीत बसून पलीकडच्या देशात जात. तिथे नऊ दिवस राहून येशूची सुवार्ता सांगत आणि परत येत. या फेरीचा एक नियम होता: एकदा गेलेल्याने पुन्हा जायचं नाही.

का जायचं नाही, ते विचारायचं नाही.

तबीथा नावाच्या मुलीने सात वर्षांची असताना ते विचारलं होतं. काकू म्हणाली, "देवाच्या कामात फाटे फोडू नकोस." थोरले वडील मात्र हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊन आलीस की कळेल."

मोठ्या माणसांची ही जुनी युक्ती आहे. उत्तर नसलं की ते डोक्यावर हात ठेवतात.

तबीथा वीस वर्षांची झाली आणि त्या वर्षीच्या बारा जणांत तिचं नाव आलं. भर उपासनेत तिच्या हातात एक वज्री देण्यात आली. वज्री म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड. मंदिराच्या पेटीत अशा बारा वज्र्या होत्या आणि त्या जुन्या तरुणांकडून नव्या तरुणांकडे जात. कारण फेरीच्या नवव्या दिवशी त्या लोकांचे पाय धुवायचे असत. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते ना, तसेच.

"ते लोक आधी नको म्हणतील," थोरल्या वडिलांनी बजावलं. "तेव्हा प्रभूचा शिष्य पेत्र याची आठवण ठेवा. तोही आधी नकोच म्हणाला होता. म्हणून प्रभूने सोडलं का?"

बाराही जणांनी माना डोलावल्या.

चार दिवसांच्या प्रवासानंतर ते पलीकडच्या किनाऱ्याला लागले. तिथे नारळ नव्हते, झाडंच नव्हती. नजर पोचेल तिथवर मिठागरं होती. बांधांनी आखलेले चिखलाचे चौकोनी वाफे, आणि त्यांत समुद्राचं पाणी अडवून मीठ पिकवणारी माणसं. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांमुळे त्यांना तबीथाच्या गावची भाषा बऱ्यापैकी येत होती.

तबीथा ज्या झोपडीत उतरली, तिथे एक विधवा एकटीच राहत होती. काटक, काळीसावळी, बोलायला तिखट. तबीथा तिला मावशी म्हणू लागली.

पहिल्याच दिवशी या बारा जणांनी गाणं म्हटलं. मावशी दारात बसून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "चेहरे दरवर्षी नवे, गाणं तेच. दुसरं नाही का तुमच्याकडे?"

"आहेत की, पुष्कळ आहेत."

"मग ती कधी?"

तबीथा आपलं गाठोडं सोडू लागली.

"तो पुढे आलेल्या दातांचा पोरगा कसा आहे गं?" मावशीने विचारलं. "तीन वर्षांपूर्वीचा. पुढच्या वर्षी येतो म्हणाला होता."

"शमुवेल? त्याचं लग्न झालं. मजेत आहे."

"असू दे. त्याच्याआधी एक लांब वेणीची होती, तीही येणार होती. रडली होती निघताना."

"मी नक्की येईन, मावशी."

"ये हो," मावशी म्हणाली आणि चुलीत फुंकर मारू लागली. तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

नऊ दिवस भराभर गेले. मुलांनी गोष्टी सांगितल्या, एका झोपडीचं छप्पर शाकारलं, लहानग्यांचे खेळ घेतले. आठव्या दिवशी मावशी आणि तबीथा जाळं निवडत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "तुमचा प्रभू मला आवडला. लोकांबरोबर जेवायचा, ते बरं करायचा. पण मला सांग, तोही एका गावात नऊच दिवस राहायचा का?"

तबीथा हसली. "छे. त्याचे मित्र तीन वर्षं त्याच्याबरोबर होते."

"अस्सं," मावशी म्हणाली.

नवव्या दिवशी मुलांनी होडीतून आणलेली गोड्या पाण्याची पिंपं किनाऱ्यावर उतरवली. पाणी कढत केलं, रिठ्याचा फेस काढला, खोबरेल तेल घेतलं. प्रत्येकाने गावातल्या माणसांना एकेक करून बसवलं आणि पुढे घमेलं ठेवलं.

"पाय नको," मावशी म्हणाली. "हात धू हवं तर."

तबीथाला वाटलं, संकोचतेय बिचारी. तिला शिकवलं होतं तेच तिने म्हटलं. "पेत्रही असंच म्हणाला होता, मावशी."

"आमच्यात पाहुण्याला दोनदा नाही म्हणत नाहीत," मावशी म्हणाली आणि तिने पाय पुढे केले.

ते पाय चामड्यासारखे होते. तळव्यावर बोटभर जाड, पिवळट, राठ थर. तबीथाने ते कढत पाण्यात भिजवले, वज्रीने घासले, थर सोलून काढला आणि तेल चोळलं. शेवटी ते लहान मुलाच्या तळव्यासारखे मऊ झाले. तबीथाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात आपण केलेलं सगळ्यांत चांगलं काम हेच, असं तिला वाटलं.

संध्याकाळी होडी सुटली. मुलं गात होती.

दरवर्षी गोष्ट इथेच संपत असे. त्या वर्षी मात्र वारा फिरला. दोन दिवस होडी लाटांवर भिरभिरली आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा त्याच किनाऱ्याला लागली. प्यायचं पाणी संपलं होतं आणि पिंपं तर पाय धुण्यातच रिकामी झाली होती. तुकडीचा पुढारी योनाथान, थोरल्या वडिलांचा मुलगा, म्हणाला, "तबीथा, तू घागर घेऊन जा. पाणी भर आणि लगेच ये. पुन्हा निरोप घेत बसू नकोस."

तबीथा बांधावर चढली आणि थबकली.

मिठागरात काम सुरू झालं होतं. वाफ्यात पाणी सोडायच्या आधी तळचा चिखल पायांनी तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो, नाहीतर खारं पाणी जमिनीतच मुरतं. सगळं गाव तुडवायला उतरलं होतं. पण निम्म्या लोकांच्या पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि चिंध्या लाल झाल्या होत्या. काही जण बांधावर बसून पाय वर धरून होते. मावशी तर आपल्या वाफ्यात गुडघ्यांवर रांगत होती. हातांनी चिखल थापटत होती.

"मावशी, हे काय झालं?"

"काय होणार? दरवर्षी होतं तेच." मावशी टाचांवर बसली. तिच्या तळव्यांना उभ्या भेगा गेल्या होत्या आणि भेगांत मीठ भरलं होतं. "अगं, आमच्या पायांचा थर म्हणजे आमची चप्पल. वर्षभर खाऱ्या चिखलात उभं राहून ती तयार होते. तुम्ही येता, सोलून काढता आणि गाणी म्हणत जाता."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"कुणाला सांगू? दरवर्षी येणारा पहिल्यांदाच आलेला असतो. एकाला सांगितलं होतं. तो म्हणाला, पेत्रही असंच म्हणाला होता."

तबीथाच्या हातातली घागर खाली आली.

मावशीने राहिलेलं सांगितलं, तेही काही मोठं दुःख सांगतोय अशा सुरात नाही. पुनवेपर्यंत ज्याचा वाफा तुडवून होत नाही, त्याचा वाफा दुसऱ्याला जातो. तिथली रीतच तशी. पुनवेला पाच दिवस होते. "दरवर्षी भाऊ तुडवायचा माझ्या वाट्याचं. तो हुशार. तुमची होडी दिसली की मासे मारायला पळायचा, पाय वाचवून. यंदा भाऊ राहिला नाही."

तबीथाने चपला काढल्या आणि ती वाफ्यात उतरली. तिने तुडवायला सुरुवात केली. चिखलात शिंपल्यांच्या कडा होत्या, मिठाचे खडे होते. तिचे पाय तर कधी उन्हातल्या फरशीवरही चालले नव्हते. दुपारपर्यंत तिच्या प्रत्येक पावलाचा लाल ठसा उठू लागला आणि वाफ्याचा जेमतेम एक कोपरा झाला.

तेवढ्यात वारा फिरला. योनाथान बांधावरून हाका मारू लागला.

"मी पाच दिवस थांबते," तबीथा म्हणाली. "तुम्ही सगळे उतरलात तर दोन दिवसांत होईल."

"वेडी आहेस का? वारा पुन्हा मिळायचा नाही. घरी सगळे काळजीत असतील. देव करील त्यांची सोय."

तबीथाने मावशीकडे पाहिलं. मावशी थांब म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. पाहुण्याला काय सांगायचं असतं?

"मावशी, तुमचं नाव काय?"

"आता विचारतेस होय?" मावशी थोडीशी हसली. "निसाय."

आणि तबीथा होडीत जाऊन बसली. हो, बसली. या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त हेच खुपतं. तिला कुणी बांधून नेलं नव्हतं.

घरी पोचताच तिने चारही वडिलांची दारं ठोठावली. मला परत पाठवा म्हणाली, आणखी माणसं द्या, चिखल तुडवायचा आहे. तिला नियम ऐकवण्यात आला. महिन्याभराने मिठाच्या व्यापाऱ्याची होडी बंदराला लागली, तेव्हा तिने निसायबद्दल विचारलं. व्यापारी म्हणाला, "ती होय? तिचा वाफा गेला. आत कुठेतरी खडी फोडायला गेली म्हणतात. कुठे ते माहीत नाही."

नाताळच्या आधीच्या रविवारी पुढच्या फेरीच्या नव्या बारा जणांना वज्र्या द्यायच्या होत्या. मंदिर भरलं होतं. तबीथा अजून लंगडत होती. थोरले वडील कौतुकाने म्हणाले, "पाहा, सेवेच्या खुणा! ये मुली, तुझी साक्ष दे."

तबीथाने सगळं सांगितलं. पिंपांपासून वज्रीपर्यंत, भेगांपासून वाफ्यापर्यंत. मंदिरात कुजबुज झाली. एक वडील म्हणाले, "चूक झाली असेल. पण हेतू तर चांगला होता."

"हेतू आपल्यापाशी राहिला," तबीथा म्हणाली. "भेगा त्यांच्या पायाला पडल्या."

"अगं, फेरीहून आलेली मुलं कशी बदलतात ते बघ," थोरले वडील समजुतीच्या सुरात म्हणाले. "नम्र होतात, प्रार्थनेला लागतात. प्रत्येक घरातल्या मुलाला हा आशीर्वाद मिळावा, म्हणून तर नियम आहे. तेच तेच लोक जाऊ लागले तर बाकीच्यांनी काय करायचं?"

सात वर्षांची असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तबीथाला आज मिळालं होतं.

"म्हणजे फेरी आपल्यासाठी आहे," ती म्हणाली. "त्यांचे पाय नुसते वापरायला."

"जिभेला आवर घाल. प्रभूनेही पाय धुतले होते."

"धुतले. पण तीन वर्षं ज्यांच्याबरोबर चालला, त्यांचे धुतले. ते पाय कुठे दुखतात ते त्याला ठाऊक होतं." तिने चौघांकडे पाहिलं. "तुम्ही चौघंही तरुणपणी गेला होतात. मला एवढंच सांगा, तुम्ही ज्यांचे पाय धुतलेत, त्यांची नावं काय होती?"

पहिल्या वडिलांनी दुसऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्यांनी खाली पाहिलं. थोरल्या वडिलांचे ओठ हलले, जणू जिभेवर आलेलं काही आठवत होते, मग मिटले.

तिच्यासमोर सोळा वर्षांची एक मुलगी हात पुढे करून उभी होती. वज्री घ्यायला. तबीथाने त्या हातांकडे पाहिलं आणि दगड आपल्या मुठीत घट्ट धरला.

"ही मी देणार नाही," ती म्हणाली. "जिला परत जायचं असेल, राहायचं असेल, पायाला हात लावण्याआधी नाव विचारायचं असेल, तिने माझ्याबरोबर निसायला शोधायला यावं. वज्री न घेता."

चारही वडिलांपैकी कुणीच कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

बोध: ज्याच्याजवळ उद्या थांबायचं नाही, त्याचे पाय आज धुवायला जाऊ नये.